खालच्या विहिरीचं पाणी

दुसऱ्याच्या विहिरीत फीत सोडायची, हा नियम आप्पांनी घातला तेव्हा दोघे भाऊ एकमेकांशी नीट बोलत होते. वाटणी होऊन जेमतेम महिना झाला होता. वरचं रंगघर आणि वरची विहीर थोरल्याकडे, नदीकाठचं रंगघर आणि खालची विहीर धाकट्याकडे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि थंडीत, दोन्ही विहिरींची पातळी मोजायची. थोरल्याने धाकट्याची मोजायची, धाकट्याने थोरल्याची, म्हणजे खोटा आकडा सांगायची सोयच नको. आपली मुलं खोटं बोलतील असं आप्पांना तेव्हा वाटत नव्हतं. पण त्यांनी जन्मभर सूत रंगवून विकलं होतं, आणि रंगाऱ्याचा स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा पुरता विश्वास नसतो.

या खेपेच्या मोजणीकडे मात्र सगळ्यांचेच डोळे लागले होते. पाणी कार्यालयाचं पत्र आलं होतं. सलग तीन उन्हाळे नदी खाली पुलाजवळ कोरडी पडली होती, तेव्हा काठापासून पाचशे पावलांच्या आत एका कुटुंबाला यापुढे एकच विहीर उपसता येईल, कोणती ते महिनाअखेर कळवावं. एक विहीर म्हणजे एक रंगघर. दोहोंपैकी एकाला कुलूप लागणार होतं आणि ते कुणाच्या दाराला, हे ठरवायला आज खालच्या घरी सगळे जमले होते.

थोरला कठड्याशी गुडघे टेकून बसला. पोलादी फितीच्या टोकाला हातभर खडू फासला, ती आत सोडली, वर ओढली आणि खडू जिथवर भिजून काळा पडला होता तिथे अंगठा दाबून धरला.

“किती?” आप्पांनी खुर्चीतून विचारलं.

“चौदा फूट. थंडीतही चौदाच होती.”

“बरं.”

एवढंसं ते ‘बरं’, पण थोरल्याला ते लागलं. आपल्या विहिरीच्या आकड्याला आप्पा कधी ‘बरं’ म्हणाल्याचं त्याला आठवेना. इतक्यात धाकटा चढ उतरून आला. एक्केचाळीस वर्षांचा, सडाफटिंग, बोटं नखांपर्यंत निळी. त्याने भावाकडे न बघताच आकडा सांगितला.

“दादा, शेहेचाळीस.”

“नीट मोजलीस?”

“दोनदा मोजली.”

“तिसऱ्यांदा मोजली असतीस तर सत्तेचाळीस झाली असती.”

धाकटा हसला. थोरला हसण्यासाठी बोललाच नव्हता. वाटणीच्या वेळी वरची विहीर एकतीस फुटांवर होती. अकरा वर्षांत ती पंधरा फूट खाली गेली आणि खालची नुसती चार फूट. एकाच बापाच्या दोन विहिरी, आणि एक आटत चाललेली, दुसरी गब्बर. आप्पांना हे आधीच ठाऊक असणार, अशी थोरल्याची पक्की खात्री होती. म्हणून तर त्यांनी चांगली विहीर लाडक्याला दिली आणि स्वतःही त्याच्याच घरी राहायला गेले. हे तो बायकोला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याने वरच्या विहिरीवर तिप्पट ताकदीची मोटर बसवली ती कामासाठी, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. काम पूर्वीएवढंच होतं. जमिनीतलं पाणी वरून खाली, नदीकडे सरकतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. आपण वर जोरात ओढलं की धाकट्याकडे कमी पोचेल, एवढा साधा विचार. तो त्याने मनाशीसुद्धा मोठ्याने केला नव्हता. आणि तीन वर्षं झाली तरी धाकट्याच्या त्या मेल्या विहिरीची पातळी काही हलत नव्हती, म्हणून त्याचा जीव जास्तच जळत होता.

पातळीनंतर लडी. हाही आप्पांचाच नियम. आदल्या दिवशी दोघांनी आपापल्या रंगघरात, एकाच सुताची एकेक लड निळीत रंगवायची. मधल्या बहिणीने आत गाठी मारून खुणा करायच्या आणि आप्पांच्या हातात द्यायच्या. बोलायचं कुणी नाही.

आप्पा दोन्ही लडी घेऊन दारातल्या उजेडात गेले. वरवर बघून त्यांचं कधीच भागत नसे. त्यांनी एकेक लड अंगठ्याने फाकवली आणि तिच्या पोटात, जिथे रंग पोचायला आळस करतो, तिथे डोळा लावला. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

“ही.”

मधलीने गाठ शोधली. “धाकट्याची.”

अकरा वर्षांत लडी बावीस वेळा बघितल्या गेल्या होत्या आणि थोरल्याची दोनदाच निवडली गेली होती. त्या दोन तारखा त्याला पाठ होत्या.

“पाणीच तसलं आहे,” तो म्हणाला. “त्या पाण्यात काठी बुडवली तरी निळी निघेल.”

हे तो दर वेळी म्हणायचा. गिऱ्हाइकांना म्हणायचा, सोयऱ्यांना म्हणायचा. ऐकणारे हसायचे आणि त्यालाही बरं वाटायचं. भाऊ पुढे गेला तो पाण्यामुळे, यात आपल्याला कमीपणा कसला? या एका वाक्यावर त्याने अकरा वर्षं काढली होती.

आप्पा खुर्चीत येऊन बसले. “मग ठरलंच की. पाणी खाली आहे, रंगही खाली आहे. खालची ठेवू. थोरल्या, तू इथेच ये. दोघे मिळून करा.”

दोघे मिळून. म्हणजे चोपन्नाव्या वर्षी धाकट्या भावाच्या पिंपावर लडी पिळायला उभं राहायचं. थोरल्याने बायकोकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. निदान ही तरी आपल्या बाजूने रडवेली झाली आहे, असं त्याला वाटलं.

“आप्पा, सही थांबवा,” मधली म्हणाली. “मला आणखी एक मोजायचंय.”

मधली पाणी कार्यालयात नोकरीला होती. हे पत्र तिच्याच कार्यालयाचं, म्हणून सकाळपासून थोरला तिच्याशी बोटभर चिठ्ठीएवढंच बोलला होता. पिशवीतून तिने दोरीला बांधलेला तापमापक काढला आणि विहिरीशी गेली. मागोमाग दोघे भाऊ आले.

आत दोरी सोडताना तिला दोघांचे हात दिसले. तिशी उलटेपर्यंत तिला त्या निळ्या नखांचा हेवा वाटत असे, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटायचा. शाळेत असताना तिने एकदा निळीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले होते. आप्पांनी ते स्वतः साबणाने घासून काढले. मुलीचे हात असे दिसायला नकोत, म्हणाले. पिंपं दोन होती, मुलगे दोन होते, हिशेब बरोबर जमला. मग ती पाणी शिकली. वर्षातून दोनदा येऊन गाठी मारून जायची, आणि दोघांपैकी कुणाचीही लड हरली तरी तिला आतून थोडं बरं वाटायचं. आपल्या या स्वभावाची तिला लाज होती, पण ती काही फार मोठी नव्हती.

“एकोणतीस,” तिने आकडा वाचला. “सकाळी नदीचं पाणी एकतीस अंश होतं. येताना वरची विहीर मोजली, ती चोवीस.”

“मग?” थोरला म्हणाला. “ऊन आहे.”

“दादा, चौदा फूट खाली ऊन पोचत नाही. जमिनीतलं पाणी बारा महिने सारखंच गार असतं. मी नोकरीला लागले त्या वर्षी या दोन्ही विहिरी मोजल्या होत्या, भर उन्हाळ्यात. दोन्ही चोवीस. आता वरची चोवीसच आहे आणि ही नदीसारखी तापते. कारण हिच्यात नदीच येतेय.”

“नदी विहिरीत येत नाही,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. “विहिरीचं पाणी नदीला जातं. तुझी आई काठाशी वाळू उकरायची तर गार झरा लागायचा.”

“लागायचा, आप्पा. शेवटचा कधी लागला?”

आप्पांनी नदीकडे बघितलं.

मधलीने हातातल्या काडीने धुळीत तीन रेघा ओढल्या. “या अंगणापासून खाली मोजलं तर नदीचं पाणी बारा फुटांवर आहे. ही विहीर चौदा. वरची शेहेचाळीस, पण ते अंगण इथून चोवीस फूट उंच, म्हणजे इथून बघितलं तर बावीस. बारा, चौदा, बावीस. पाणी उताराने जातं. तुम्हीच सांगा, कुठून कुठे जाईल?”

सांगायची गरजच नव्हती.

“वाटणीच्या वेळी उलट होतं. वरची सात, खालची दहा, नदी बारा. तेव्हा जमीन नदीला पाजत होती. आता नदी जमिनीला पाजतेय, म्हणून पुढे पुलाजवळ तिच्यात काही उरत नाही.”

“आमच्या दोन विहिरींनी?” धाकट्याने विचारलं.

“नुसत्या आपल्या नाही. वरच्या अंगाला दोन्ही काठांना सिमेंट घातलंय, जमिनीत मुरायला जागा नाही. पाऊस येतो तो दोन दिवसांत धो-धो येतो आणि वाहून जातो, मग चार महिने नुसती उन्हं. काठाने साठ-सत्तर मोटरी आहेत. पण आपल्या या तुकड्यात सगळ्यांत मोठी मोटर कुणाची, ते मी सांगायला नको.”

थोरल्याने मान खाली घातली. त्याला वाटलं होतं, वर ओढलं की भावाची विहीर आटेल. ती आटली नव्हती. त्याच्या मोटरने नदीच ओढून भावाच्या विहिरीत आणून ठेवली होती. ज्या भरलेल्या विहिरीवर तो तीन वर्षं जळत होता, ती त्यानेच भरली होती. पण मागोमाग त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं आणि त्याची मान ताठ झाली.

“म्हणजे हिचं पाणी खराब,” तो म्हणाला. “आणि माझं चांगलं.”

“रंगासाठी तुझंच चांगलं. नदीत गावाचं काय काय येतं ते माहीत आहे.”

“ऐकलंत, आप्पा? नदीच्या पाण्यात नीळ मळकट उतरते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

“मग उतरायला हवी होती,” आप्पा सावकाश म्हणाले. मांडीवरची लड त्यांनी पुन्हा फाकवली. “ही मळकट नाही. नदीच्या पाण्यात असा निळा येणारच नाही. मधले, तुझं काहीतरी चुकतंय.”

मधलीने धाकट्याकडे बघितलं. धाकटा कठड्यावरून आत पाण्याकडे बघत होता.

थोरल्याची बायको, थोरली, चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होती. सव्वीस वर्षं या घरात राबूनही तिला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती. नणंद पिशवी घेऊन वर्षातून दोनदा यायची आणि तिच्यासाठी आतून खुर्ची निघायची. धुळीत तीन रेघा ओढल्या की तीन पुरुष मान खाली घालून ऐकायचे. वरची विहीर खाली चाललीय, बादलीचा दोर वाढवावा लागतोय, हे थोरलीने नवऱ्याला वाटणीनंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, तुला काय कळतं. आता तेच वन्सं सांगत होत्या, आणि नवरा ऐकत होता.

त्या रागातच ती बोलली असेल. नाहीतर ती बोलली नसती.

“वन्संचं काही चुकत नाही,” ती म्हणाली. “भाऊजी रंगाला हे पाणी वापरतच नाहीत.”

“वहिनी,” धाकटा म्हणाला.

“राहू द्या, भाऊजी. सही झाली तर उद्या मोटर काढतील, मग कुठून आणाल?” ती सासऱ्यांकडे वळली. “आप्पा, दर गुरुवारी हे माल पोचवायला शहरात जातात. भाऊजी तीनचाकीवर पिंपं घेऊन वर येतात. मी मोटर चालू करून देते. पहिल्या धुण्याला इथलं पाणी, निळीला आणि शेवटच्या धुण्याला आमच्याकडचं. तीन वर्षं झाली.”

थोरला बायकोकडे वळला.

“माझ्या पाठीमागे,” थोरला म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

“तुमच्या तोंडावर मागितलं असतं तर दिलं असतंत?”

दिलं नसतं, हे अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं.

“पण का?” हे आप्पांनी धाकट्याला विचारलं. “मला सांगायला काय झालं होतं?”

“ही विहीर तुम्ही आणि आईने हातांनी खणली,” धाकटा म्हणाला. “तुम्ही रोज सकाळी कठड्याशी येऊन बसता. हिचं पाणी गेलं असं कसं सांगू? पहिली मळकट लड निघाली ती मी जाळून टाकली. मग वहिनीकडे गेलो.”

“आणि ती लगेच कळवळली,” थोरला म्हणाला. बायको तीन वर्षं भावाची पिंपं भरत होती, त्याच्यासाठी खोटं वागत होती. आपल्यासाठी तिने कधी एक गोष्ट लपवली होती का, हे त्याला आठवेना. “दर गुरुवारी. चहाबिहाही होत असेल.”

“होतो,” थोरली म्हणाली. “भाऊजी बसतात, विचारतात, वहिनी तुम्हाला काय वाटतं. चहा तर कुणीही देईल.”

थोरला तिच्या अंगावर काहीतरी ओरडणार होता. तोंड उघडलंही होतं. पण त्याच क्षणी, नको असताना, त्याच्या मनात एक साधा हिशेब जुळला आणि ओरडायचं राहून गेलं.

तीन वर्षं. वर्षाला दोनदा. सहा वेळा आप्पांनी लडी दारात नेल्या, आणि सहाही वेळा दोन्ही लडी वरच्या विहिरीच्या पाण्यात रंगल्या होत्या. त्याच्या विहिरीच्या. सूत एक, नीळ एक, पाणी एक. आजचीही तशीच.

बाकीच्यांच्या हे लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. मधलीच्या आलं असावं, कारण तिने काडी खाली टाकली आणि थोरल्यावरून नजर काढून घेतली. हरणाऱ्याकडे बघून आज तिला काही बरं वाटलं नाही.

थोरल्याने आप्पांच्या मांडीवरची लड उचलली आणि खुर्चीच्या हातावरची आपलीही घेतली. दारात गेला. आप्पांसारखाच त्याने अंगठ्याने सुताचं पोट फाकवलं. अकरा वर्षांत भावाची लड त्याने अशी कधी बघितलीच नव्हती. लडी निवडल्या की तो विहिरीकडे बघायचा. आता दिसलं. त्याच्या लडीच्या आत, मधोमध, बारीक फिकट ठिपके होते. धाकट्याची बाहेर होती तशीच आतवर निळी होती.

“पिंपातच पिळतोस?” त्याने विचारलं.

“हो,” धाकटा म्हणाला. “पाण्याच्या आत. वर काढायच्या आधी. हवा लागायच्या आत पिळली तर पोटात रंग राहतो. घाई केली की...” तो थांबला.

“बोल की.”

“तू घाई करतोस, दादा. पहिल्यापासून.”

आप्पांनी घसा साफ केला. झालं काय ते त्यांना अर्धंच कळलं असावं, किंवा पुरतं कळलं असावं आणि त्यांना ते लवकर संपवायचं असावं. “मग वरची विहीर ठेवा,” ते म्हणाले. “पाणी तिथे आहे. ही बंद. कागदावर थोरल्याचं नाव घाला. मधले, मोठी मोटर चालेल का?”

“नाही. जुनी लहानच लावावी लागेल. तरी नदी मागे फिरायला वर्षं जातील, आणि फिरेलच असंही नाही.”

“लहान लावू. थोरल्या, झालं तुझ्या मनासारखं.”

झालं होतं. अकरा वर्षं त्याला जे हवं होतं ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं. विहीर त्याची, रंगघर त्याचं, कुलूप भावाच्या दाराला. उद्या गिऱ्हाइकं चढ चढून त्याच्याकडे येतील, लड फाकवून बघतील, आणि त्यांना सांगायला त्याच्याजवळ एकही सबब नसेल. काठाची विहीर नसेल, चांगलं पाणी नसेल, लाडका मुलगा नसेल. नुसता त्याचा हात असेल.

“बरोबर आहे, दादा,” धाकटा म्हणाला. “पाणी तुझंच होतं.” तो मनापासून म्हणाला, आणि हेच थोरल्याला सहन होईना. खोचून बोलला असता तर दोन शब्द तरी सुनावता आले असते.

मधलीने कागद आप्पांपुढे धरला. आप्पांनी पेन उघडलं.

“विहीर वरची लिहा,” थोरला म्हणाला. “नाव माझं लिहा. मोटर मी बघीन, माल मी पोचवीन, मोजणीही मी करीन.” तो कुणाकडेही बघत नव्हता. “पिंपावर हा उभा राहील.”

थोरली चौकटीपासून सरळ झाली. आप्पांनी पेन कागदावरून उचललं आणि मोठ्या मुलाकडे बघितलं, आज पहिल्यांदाच नीट.

“मनापासून म्हणतोस?”

“नाही,” थोरला म्हणाला. “पण रंग तोच करील.”